गुरुजींचा तंबोरा : एका वारशाची पारख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा तंबोरा गेल्या वर्षी त्यांच्या नातवंडांनी शाळेच्या स्वाधीन केला. तंबोऱ्याबरोबर एक कागदही आला. त्यावर घरात चालत आलेल्या तीन गोष्टी लिहिल्या होत्या. हा तंबोरा मिरजेच्या फरीदसाहेब सतारमेकरांनी स्वहस्ते घडवला. मिरज दरबारातून तो गुरुजींच्या आजोबांना मिळाला. आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ त्यावर गायले. या तीन ओळी पितळी पाटीवर कोरून तंबोरा काचेच्या कपाटात ठेवावा, असे शाळेच्या मंडळींनी योजले होते. पाटी कोरायला टाकण्यापूर्वी एकदा पारख करून घ्यावी असे कार्यवाहांच्या मनात आले आणि ते काम त्यांनी माझ्याकडे सोपवले.

मी गवई नव्हे, वाद्यांचा कारागीर तर नव्हेच. माझे आयुष्य जुन्या मराठी पोथ्या वाचण्यात आणि त्यांचे पाठ लावण्यात गेले. म्हणून मिरजेच्या एका वृद्ध कारागिरांना मी विनंती केली आणि ते दोन दिवस बेळगावात येऊन राहिले. त्यांनी तंबोरा हाताळला, मी शेजारी बसून टिपणे घेतली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या टिपणांचा विस्तार समजावा. पोथीच्या अभ्यासकाला एक गोष्ट फार लवकर कळते : पोथीचे वय आणि तिच्यातल्या पाठाचे वय एकच असेल असे नाही. जुन्या वाद्याबाबत हेच कितपत खरे ठरते, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. आपल्या घरांतून 'तंबोरा' हाच शब्द रूढ होता; 'तानपुरा' हा हिंदीतून आला आणि अलीकडे प्रतिष्ठित झाला. तान पुरी करतो तो तानपुरा, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी ती मागाहून सुचलेली आहे. तुंबरू गंधर्वाशी नाते जोडणारेही आहेत. फारसी-अरबीतील 'तंबूर' या वाद्यनामाशी असलेले साम्य मात्र नजरेआड करता येत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात वीणांचे अनेक प्रकार सविस्तर आले आहेत, पण आजच्या अर्थाचा तंबोरा नाही. मोगलकालीन चित्रांत मात्र तो गायकाच्या खांद्याशी दिसू लागतो. सनातन वाटणारे हे वाद्य तसे पाहता चार-पाच शतकांचेच आहे.

मिरजेची कथा याहून अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेतील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. पेशवाई बुडाल्यावर तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही. हातात कसब होते, त्याला नवे काम हवे होते. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गाण्याला आश्रय दिला आणि गवयांबरोबर त्यांची मोडकी वाद्येही गावात आली. दुरुस्तीतून घडणीकडे जाण्याचा हा मार्ग मला फार स्वाभाविक वाटतो. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहिले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याजवळ शिकले, १८९६ मध्ये मिरज सोडून उत्तरेकडे निघाले आणि १९०१ मध्ये लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. अब्दुल करीम खाँसाहेबांनीही अखेरीस मिरजेलाच घर केले. ते वाद्यदुरुस्तीत स्वतः निष्णात होते, ही गोष्ट त्यांच्या गाण्याच्या कीर्तीपुढे झाकली गेली आहे. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले.

बेळगाव आणि मिरज एकाच रेल्वेमार्गावर आहेत. सरहद्द कागदावर आली ती पुष्कळ नंतर. आपल्याकडच्या घरात मिरजेचा तंबोरा असण्यात म्हणून नवल काही नाही. नवल असेल तर त्यामागे सांगितल्या जाणाऱ्या दरबारी कथेचे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळतो. कारागिरांनी तंबोरा हाती घेतला तेव्हा तारा छेडल्याच नाहीत. त्यांनी तो आधी उचलून पाहिला, मग उलटा मांडीवर घेतला. त्यांचे म्हणणे असे की, तारा, घोडी, मणी, खुंट्या या बदलायच्याच वस्तू आहेत. त्यांवरून वाद्याची योग्यता ठरवू नये. योग्यता ठरते ती भोपळा, गळा, दांडी आणि तबली या चार ठिकाणी.

भोपळा हा तंबोऱ्याचा जीव. मिरजेला तो पंढरपूर, मंगळवेढा या बाजूंहून येतो. हा खाण्याचा भोपळा नव्हे. कडू जातीचा, जाड सालीचा. तो महिनोन्‌महिने वाळवतात, मग पाण्यात भिजवून कापतात, आतला गर काढून तोंड आखडू नये म्हणून आत काठ्या ताणून बसवतात. म्हणजे तंबोऱ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग कारागीर घडवत नाही. तो शेतात वाढतो, कारागीर तो निवडतो. गुरुजींच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला पाठीमागे वीतभर लांबीची एक चीर आहे. मला ती पाहून वाईट वाटले. कारागिरांनी तिच्यावरून नख फिरवले, बोटाने दोन्ही बाजूंस टिचकी मारून आवाज ऐकला आणि ही चीर जुनी व मेलेली असल्याचे सांगितले. चिरेत मळ बसला होता, कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवलेली होती. नव्या चिरेच्या कडा पांढरट व धारदार असतात आणि टिचकीचा आवाज फाटतो. असा फाटका आवाज कुठेच आला नाही.

गळा म्हणजे भोपळा व दांडी यांना जोडणारा लाकडी भाग. चार तारांचा ताण अहोरात्र या सांध्यावर असतो आणि पुष्कळ तंबोरे मरतात ते याच जागी. इथे पोथीच्या अभ्यासकाला परिचित वाटावे असे काही दिसले. सांधा एकदा उखळला होता आणि दोन वेगवेगळ्या काळांत, दोन वेगवेगळ्या हातांनी जोडला गेला होता. पहिली जोड सरसाची. सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो, त्यामुळे पुढच्या कारागिराला सांधा न मोडता उघडता येतो. दुसरी जोड आधुनिक कृत्रिम गोंदाची. ती सुटत नाही; सोडवू गेल्यास लाकूडच सोलून निघते. ज्याने ती केली त्याने काम घट्ट केले यात शंका नाही, पण आपल्यानंतरही कोणी हा सांधा उघडील हा विचार त्याने केला नाही. जुन्या पोथीचे फाटके पान चिकटपट्टीने जोडणारे सद्भावी लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, पान मात्र जाते.

दांडी तुणीच्या लाकडाची आहे. कारागिरांनी सुतारासारखा एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर नेली. वाक आहे, पण थोडा. सतारीला तो चालला नसता, कारण तिथे पडद्यांचे गणित बिघडते, तंबोऱ्याला चालतो. खुंट्यांजवळ कीड लागून गेल्याची बारीक भोके आहेत. खाली पांढरा कागद अंथरून दांडी हलकेच ठोकली; भुगा पडला नाही. कीड जुनी आहे, आता जिवंत नाही. दांडीवर कोणीतरी चकचकीत रंगाचा थर दिला आहे आणि त्याखाली जुन्या लाखेचा काळसर-तांबडा रंग डोकावतो. डाव्या बाजूला हा नवा थरही झिजला आहे.

तबलीपाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. भोपळ्याचे तोंड झाकणारी ही पातळ फळी. घोडी तिच्यावर उभी असते. जुन्या वाद्यात ती घोडीच्या भाराने खचते. ही तबली खचलेली नाही. भोपळा आणि दांडी यांच्या मानाने ती फारच निकोप, आणि हीच बाब संशयाला कारण झाली. तबलीच्या कडेला पांढरी नक्षी आहे. घरच्यांच्या मते ती हस्तिदंताची. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांचे जाळे दिसते. हाडात काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. दांडीच्या पटरीवरची नक्षी हाडाची निघाली. तबलीच्या कडेच्या नक्षीत ना जाळे, ना ठिपके. कारागिरांनी कापडाने ती जोरात घासली आणि मला वास घ्यायला सांगितले. कापराचा वास आला. सेल्युलॉइड हा कापूर घालून केलेला पदार्थ १८७० च्या सुमारास अमेरिकेत प्रथम बाजारात आला; आपल्याकडच्या वाद्यांवर त्याची नक्षी दिसू लागली ती त्यानंतर केव्हातरी. म्हणजे दांडी एका काळची आणि तबली निराळ्या काळची.

तबलीची एक कड भोपळ्यापासून किंचित सुटली होती. कारागिरांनी ती फट जेमतेम बोटभर उघडली आणि आत बॅटरीचा प्रकाश टाकला. भोपळ्याच्या आतल्या अंगाला एक छापील चिठ्ठी डकवलेली होती. दुकानाचे नाव वाळवीने खाल्ले होते, पण पत्ता शाबूत होता : मिरज, जि. दक्षिण सातारा. त्याखाली पेन्सिलीने दोन शब्द : तबली नवी.

श्रोतेहो, सनावळी नसलेल्या पोथीत लेखकाने एखाद्या राजाचे नाव घेतले की अभ्यासकाला जो आनंद होतो, तो मला त्या क्षणी झाला. १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत मिरजेच्या चिठ्ठीवर 'मिरज संस्थान' असते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव बदलून सांगली झाले. दक्षिण सातारा हे नाव अवघी अकरा वर्षे चालले, आणि आपली चिठ्ठी त्या अकरा वर्षांतली आहे. छापील कागद दुकानात पडून राहून एखाददुसरे वर्ष नंतरही वापरला गेला असेल, इतकी सूट ठेवायला हरकत नाही. घरोघरी जुनी वाद्ये आहेत, म्हणून जाता जाता सांगतो : चिठ्ठीवर पिनकोड असेल तर ती १९७२ च्या आधीची असू शकत नाही, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला.

पण ही तारीख चिठ्ठीची आहे, तंबोऱ्याची नव्हे. एवढ्यावरून 'हा तंबोरा १९५० नंतरचा' असे म्हणणे ही कौटुंबिक कथेइतकीच घाई झाली असती. तबली 'नवी' आहे याचा अर्थ आधी जुनी होती. भोपळ्याची मेलेली चीर, सरसाची पहिली जोड, लाखेचा जुना रंग, हाडाची पटरी हे सारे तबलीच्या आधीचे. किती आधीचे, ते वाद्य सांगत नाही.

घोडीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण लोक तंबोऱ्याची पारख म्हणून जी करतात ती बहुधा जवारीची असते. घोडीच्या माथ्याला अगदी हलकी गोलाई असते. तार तिच्यावर टेकत-सुटत कंप पावते आणि तारेखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकवला की नाद खुलतो. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद पडतो ते उपस्वर नादात उमटू नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम होता. तंबोऱ्यात ते उपस्वर जोरकसपणे उमटतात, असे रामन यांना आढळले आणि त्याचे कारण त्यांनी घोडीच्या या गोलाईत शोधले. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो असे आपले गवई सांगत आले. त्या श्रवणाला असा आधार मिळाला. गुरुजींच्या तंबोऱ्याच्या घोडीवर मात्र तारांनी चार खोल घळी पाडल्या आहेत. तारा छेडल्या तेव्हा नाद बसका, बोथट आला आणि जमलेल्यांपैकी काहींचे चेहरे उतरले. कारागीर हसले. कानस आणि अर्धा दिवस मिळाला तर हा आवाज उठेल असे ते म्हणाले. याउलट बाजारात मरणपंथाला लागलेल्या तंबोऱ्याला ताजी जवारी काढून तो 'जुना, सुरेल' म्हणून विकला जातो. घेणारा नाद ऐकतो, गळा पाहत नाही.

आता त्या तीन ओळी. फरीदसाहेबांनी घडवला, याला वाद्यावर काहीही पुरावा नाही. गळ्याची आणि पटरीची घडण मिरजेची आहे, असे कारागिरांचे मत आहे आणि ते मी ग्राह्य मानतो. पण मिरजेचा म्हणजे फरीदसाहेबांचा नव्हे. सतारमेकर हे आडनाव पुढे अनेक कुटुंबांचे झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेही एका घराण्याचे नसून गावाच्या कसबाचे आहे. दरबारातून मिळाला, याला लेखी आधार नाही, तेव्हा ती घरची आठवण म्हणून राहावी. खाँसाहेब त्यावर गायले, हे अशक्य नाही. कर्नाटकात त्यांचे येणे-जाणे सतत होते. पण ते १९३७ मध्ये गेले आणि आजची तबली त्यानंतर किमान बारा वर्षांनी बसली. त्यांनी हा तंबोरा ऐकला असलाच तर तो नाद दुसऱ्या तबलीचा होता.

हे निष्कर्ष मी गुरुजींच्या नातीला प्रथम सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "म्हणजे सर, आमचे आजोबा खोटं सांगत होते?" मी तिला माझ्याच वर्गातली आठवण विचारली, म्हणजे मला ती माझ्या बाजूने आठवून पाहायची होती. मी १९६० च्या दशकात या शाळेत शिकलो. गुरुजी संमेलनाच्या दिवशी टांग्यात तंबोरा मांडीवर आडवा धरून येत. हॉलमध्ये सतरंजीवर बसून सूर लावत आणि आम्हां मुलांना त्या सुरात प्रार्थना म्हणायला लावत. फरीदसाहेबांचे वा खाँसाहेबांचे नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाही. माझ्या बरोबरीच्या चार-पाच जणांना विचारले, त्यांनीही ऐकलेले नव्हते. कागदावरच्या तीन ओळी गुरुजींच्या अक्षरातही नाहीत. त्या पुढच्या पिढीच्या प्रेमाने लिहिल्या गेल्या आहेत. पोथ्यांत याला क्षेपक म्हणतात. क्षेपक घालणारा क्वचितच लबाड असतो. बहुधा तो भक्त असतो.

दांडीच्या डाव्या बाजूची झीज मी मघाशी सांगितली. नवा रंगही त्या जागी उरलेला नाही. तो रंग तबलीबरोबरच दिला गेला असावा, असा कारागिरांचा अंदाज आहे. तसे असेल तर ती झीज १९५० नंतरच्या वर्षांतली, म्हणजे गुरुजींच्याच हाताची. पुराव्याने सिद्ध होणारा या तंबोऱ्याचा एकमेव वादक हा आहे, आणि तो आपल्या शाळेचा शिक्षक होता.

उरला प्रश्न पुढे काय करावे हा. एका व्यापाऱ्याने 'हस्तिदंती नक्षीचा दरबारी तंबोरा' म्हणून चांगली किंमत सांगितली होती आणि शाळेच्या छपरासाठी पैसे हवे असल्याने एक-दोघांचे मन वळलेही होते. नक्षी खरोखर हस्तिदंती असती तर विक्री कायद्यातच बसली नसती. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात १९८६ व १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी तो व्यापार बंद केला आहे. नक्षी तशी नसल्यामुळे किंमतही राहिली नाही. याबद्दल मला खेद नाही. छपरासाठी वर्गणी काढता येईल.

काचेच्या बंद कपाटालाही माझा विरोध आहे. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा; बंद कपाटात दमट हवा कोंडते, बुरशी धरते, सरस सुटतो. हवा खेळती राहील, ऊन थेट पडणार नाही आणि भिंतीची ओल लागणार नाही अशी जागा संगीताच्या वर्गात आहे. तारा पूर्ण उतरवून वर्षानुवर्षे ठेवू नयेत आणि पूर्ण चढवूनही ठेवू नयेत. वाजवून झाल्यावर थोड्या सैल कराव्यात. दुरुस्ती थोडी करावी : घोडीची जवारी, तबलीची सुटलेली कड सरसाने, आणि चारांपैकी जी एक खुंटी वेगळ्या फिक्या लाकडाची व ढिली आहे ती बदलून शिसवीची. सरकणाऱ्या बाकीच्या खुंट्यांना खडू पुरेल. गळ्याच्या कृत्रिम जोडीला हात लावू नये. दांडीला नवे पॉलिश तर मुळीच देऊ नये, कारण त्याखाली ती झीज झाकली जाईल. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांनी मूळ ओवीला स्वतःच्या ओवीची जोड देऊ नये असेही बजावले. दुरुस्ती कुठे थांबवावी हे ज्यांना कळते त्यांच्याच हाती जुनी वस्तू द्यावी.

पाटीचा मजकूर मी कार्यवाहांकडे दिला आहे. "मिरजेचा तंबोरा. भोपळा व दांडी जुनी. तबली १९४९ ते १९६० च्या सुमारास नवी बसवलेली. गुरुजी या तंबोऱ्यावर शाळेची प्रार्थना शिकवीत." नातीने त्यात एक ओळ वाढवण्याची परवानगी मागितली : "मिरज दरबारातून मिळाल्याची कुटुंबात आख्यायिका आहे." आख्यायिका हा शब्द तिने स्वतःहून घातला, तेव्हा मी संमती दिली.

मिरजेचे कारागीर दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर पुन्हा येणार आहेत. तोवर माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. १९६० पूर्वीच्या संमेलनांची छायाचित्रे कोणाच्या घरी असतील तर ती शाळेत आणून दाखवावीत. तंबोरा समोरून दिसत असला तर उत्तम. तबलीच्या कडेला पांढरी नक्षी आहे की नाही, एवढेच पाहायचे आहे. आणि छायाचित्राच्या पाठीमागे तारीख असेल, तर आपली अकरा वर्षे दोन-तीन वर्षांवर येतील.